मुरली कोणी वाजवली?

…आणि वर लोकच विचारतात, हा मुरलीधर एवढा संशयी का हो? अहो, का म्हणजे काय! संशय घेण्याचाच पगार मिळतो त्याला! सॉफ्टवेअर टेस्टर आहे तो. दुसऱ्याने घाम गाळून केलेल्या प्रोग्रॅममध्ये खोट काढायची, नाही निघाली तर अजून काढायची, आणि तरीही नाहीच निघाली तर मान तिरकी करून म्हणायचं, "कुठंतरी पाणी मुरतंय…" आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू! बायकोने, म्हणजे मयूराने, न मागता चहा आणून ठेवला, कुठंतरी पाणी मुरतंय! शिवांगीने, म्हणजे त्याच्या मुलीने, न ओरडता होमवर्क केला, कुठंतरी पाणी मुरतंय! मयूरा म्हणते, "अरे, तुझ्या नावातच मुरतंय ते, बाहेर कशाला शोधतोस?"

आणि त्यात तो लॉकडाऊन! दोन हजार एकवीसचा, सिडनीतला दुसरा. तुम्हाला सांगतो, त्या दिवसांत आमच्या वेंटवर्थव्हिलमध्ये संशय न घेणारा माणूस म्हणजे वेडाच समजायचा! डोक्यावर पोलिसांचं हेलिकॉप्टर, दाराबाहेर शेजारी, आणि तुम्हाला साधी शिंक आली की तीन घरांच्या खिडक्या धाडधाड बंद! मुरलीधरचं ऑफिस पॅरामॅटाला, ते बंद. म्हणजे ऑफिस डायनिंग टेबलावर, मयूराचं ऑफिस बेडरूममध्ये, शिवांगीची शाळा सोफ्यावर, आणि तिघांच्या तीन मीटिंगा एकाच वायफायवर… आता यात माणसाचा तोल जाईल का राहील? सांगा ना!

तर एक दिवस सकाळी मीटिंग चाललेली. मुरलीधर बोलला. म्हणजे आपल्यासारखंच बोलला, 'डेव्हलपमेंट' हा शब्द पूर्ण चावून, 'वॉटर'मधला ट पण सोडायचा नाही, अशा प्रामाणिक इंग्रजीत बोलला. बोलणं संपलं. मग हायकी बोलला. हा हायकी म्हणजे त्याच्या टीममधला फिनलंडचा माणूस. पन्नाशी उलटलेली, तीस वर्षं ऑस्ट्रेलियात आहे, पण याच्या तोंडात ब, ड, ग यांना मज्जाव! सगळ्यांचं प, ट, क होऊनच बाहेर येणार. "टिस इस पिक प्रोप्लेम," म्हणाला. म्हणजे 'बिग प्रॉब्लेम' हो! आणि म्हणून झाल्यावर काय केलं त्याने? स्वतःशीच हसला आणि पुटपुटला, "तांकेरो…"

झालं! मुरलीधरचे कान टवकारले. तांकेरो? म्हणजे काय? कोण तांकेरो? मी बोलल्यावर लगेच का तांकेरो? आणि हसायचं कशाला? मीटिंग संपायच्या आत याने गुपचूप इंटरनेटवर शोधलं. अर्थ आला: 'जड उच्चारांच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीसाठी फिनिश बोलीतला शब्द.'

अहो, चेहरा असा उतरला त्याचा! उणीपुरी बारा-तेरा वर्षं झाली इथे येऊन. विद्यार्थी म्हणून आला, रात्री भांडी घासली, परमनंट रेसिडेंट झाला, टॅक्स भरतो, शेजाऱ्याला 'नो वरीज' म्हणतो, आणि एक फिनलंडवाला, ज्याला स्वतःला 'बिग' म्हणता येत नाही, तो मला तांकेरो म्हणतो? मयूरा म्हणाली, "अरे, स्वतःला म्हणाला असेल." "स्वतःला? स्वतःला कोण हसतं गं? कुठंतरी पाणी मुरतंय!"

बरं, हे एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. पण त्याच शुक्रवारी संध्याकाळी मित्रांचा व्हिडिओ कॉल. तिघंच असायचे. हा, सारंग आणि प्रताप. प्रताप म्हणजे कॅसल हिलवाला, दुमजली घर, मोठा मॅनेजर, "हाउ या गोइंग, माइट?" वगैरे. माइट म्हणजे मेट हो, इथला मित्र! पण माणूस सोन्यासारखा हो! मुरलीधर विद्यार्थी म्हणून उतरला तेव्हा पहिले तीन महिने याच प्रतापच्या भाड्याच्या खोलीत गादीला गादी लावून झोपलेला. तर गप्पा चालल्यात, आणि सारंग सहज म्हणून गेला, "काय सांगू यार, आज क्लायंटपुढे माझी अशी काही मुरली वाजली…"

सारंगने जीभ चावली. प्रतापला जोरात खोकला आला, "नेटवर्क… नेटवर्क…" म्हणाला आणि गायब! स्क्रीनवर त्याच्या चेहऱ्याच्या जागी नुसता काळा चौकोन.

"मुरली वाजली म्हणजे?" मुरलीधरने विचारलं.

"काही नाही रे. असंच. म्हणायची पद्धत."

"कुणाची पद्धत? मी मराठी आहे, सारंग. मला ही पद्धत माहीत नाही. कुठंतरी पाणी मुरतंय."

आता सारंग हा तसा कच्चा गडी. पोलिसांचं सोडाच, पोस्टमनपुढेसुद्धा कबुलीजबाब देईल असा! पाच मिनिटांत फुटला. "मुरली, रागावू नकोस हां… पण आपल्या लोकांत ना, इंग्लिश फारच मराठी निघालं की म्हणतात, 'मुरली वाजली.' म्हणजे तुझ्यावरूनच… म्हणजे तो तुझा किस्सा नाही का, टेस्टचा?"

"कुठला टेस्टचा?"

मग सारंगने सांगितला तो किस्सा. तुम्हाला सांगतो, ज्या माणसाचा किस्सा त्यालाच सांगायचा, काय अवघड काम! तर म्हणे मुरलीधर गाडीतून कोविडची चाचणी करायला गेला. ते ड्राइव्ह-थ्रू असायचं ना, खिडकीतून नाकात काडी घालायचे, ते. नर्सबाईने विचारलं, काय होतंय? आता कोविडमध्ये तोंडाची चव जाते, आणि आपल्याकडे चव पण टेस्ट आणि चाचणी पण टेस्टच! तर म्हणे हा म्हणाला, "सिस्टर, माय टेस्ट इज गॉन." नर्स म्हणाली, "गॉन व्हेअर, लव्ह?" हा म्हणाला, "आय डोन्ट नो. यस्टरडे टेस्ट वॉज देअर. टुडे नो टेस्ट." ती म्हणाली, "नो वरीज, आपण आत्ता करू टेस्ट." हा म्हणाला, "नो नो, यू कॅनॉट डू. इट विल कम ऑटोमॅटिकली!"

सांगता सांगता सारंगच फिसकन हसला, मग म्हणाला, "सॉरी."

पण मुरलीधर हसला नाही. का? अहो, कारण हे घडलंच नव्हतं! तो कधी कुठल्या ड्राइव्ह-थ्रूला गेलाच नव्हता! जाणार कसा? त्याच्याकडे गाडीच नाही! दोनदा लायसन्सच्या परीक्षेत नापास झाला आणि "ट्रेन आहे की" म्हणून त्याने तो विषयच सोडून दिला, हे अख्ख्या वेंटवर्थव्हिलला माहीत आहे!

"अरे, माझ्याकडे गाडी नाही, सारंग!"

सारंग जरा विचार करून म्हणाला, "मग चालत गेला असशील."

आता यावर काय बोलायचं? बोला!

त्या दिवसापासून मुरलीधर गप्प. मीटिंगमध्ये तोंड उघडेना. चॅटवर टाइप करायचा, आणि टाइप करतानासुद्धा स्पेलिंग दोनदा तपासायचा. बाथरूममध्ये आरशापुढे उभा राहून "टेस्ट… टेऽऽस्ट… टेइस्ट…" आणि बाहेरून शिवांगी, "मम्, व्हाय इज बाबा टेस्टिंग द मिरर?" दुकानात रांगेत दोन मराठी बाया हसल्या तर याला वाटे, आपल्यालाच. मयूरा फोनवर बहिणीशी बोलताना आवाज कमी करी तर हा दाराशी उभा. "तुला माहीत होतं?" एकदा त्याने विचारलंच. मयूरा म्हणाली, "होतं. पण तुला सांगून काय झालं असतं? हेच झालं असतं." आणि तुम्हाला सांगतो, तेव्हा त्याला खरं लागलं. बाहेरच्यांचं सोडा, आपल्या घरातसुद्धा हा शब्द चपला काढून, आत येऊन, आरामात बसलेला होता!

आणि याच गडबडीत खरी भानगड झाली. त्यांच्या कंपनीचा प्रोग्रॅम काय, तर औषधांच्या दुकानांतून घरपोच औषधं पाठवायची. लॉकडाऊनमध्ये म्हातारीकोतारी माणसं त्याच्यावरच अवलंबून. नवीन व्हर्जन सोमवारी जाणार होतं, आणि आपल्या मुरलीधरला सापडला एक घोळ. इथले पत्ते कसे असतात? चौथं युनिट, बारा नंबरची बिल्डिंग, म्हणजे चार, तिरकी रेघ, बारा. प्रोग्रॅम त्याची करत होता तारीख! चार डिसेंबर! म्हणजे कुणा आजीबाईंची हृदयाची गोळी निघाली घरी जायला आणि पोचली डिसेंबरात! मुरलीधरने चॅटवर लिहिलं. कुणी वाचलं नाही. पुन्हा लिहिलं. कुणीतरी त्यावर अंगठा दिला आणि पुढे गेलं. तोंडाने बोलायला हवं होतं. पण तोंड उघडलं की मुरली वाजणार…

शेवटी हायकीचाच निरोप आला. पॅरामॅटा पार्कमध्ये चालायला येतोस का? दोघांनी व्यायामाला परवानगी होती. बसायची नव्हती हां, नुसतं चालायची! मुरलीधर म्हणाला, "आता हा कशाला बोलावतोय? कुठंतरी पाणी मुरतंय." पण गेला. दोघंही मास्क लावून. म्हणजे आधीच एकाचं फिनिश इंग्रजी, दुसऱ्याचं मराठी इंग्रजी, वर दोघांच्या तोंडावर फडकं आणि त्याच्या वर हेलिकॉप्टर! मी आपलं सगळं मराठीतच सांगतो, नाहीतर आपण इथेच बसू.

हायकी म्हणाला, "तू बोलत नाहीस हल्ली. का?"

मुरलीधरने मनात जुळवलेलं सगळं बाजूला ठेवलं आणि थेट विचारलं, "तू मला तांकेरो का म्हणालास?"

हायकी चालायचा थांबला. "तुला?" मग एवढ्या मोठ्याने हसला की बदकं उडाली. "अरे, मला! मी स्वतःला म्हणालो! 'पिक प्रोप्लेम' म्हणालो आणि माझंच मला ऐकू आलं!"

मग त्याने त्या शब्दाची गोष्ट सांगितली. म्हणजे त्यांच्याकडे सांगतात ती. फार वर्षांपूर्वी म्हणे त्यांचा एक बडा पुढारी परदेशात प्राणिसंग्रहालय बघायला गेला. तिथे पाटी होती, प्राणी धोकादायक आहेत. इंग्रजीत 'डेंजरस'. आता फिनिश भाषेत जसं लिहिलं तसं वाचायचं, आपल्यासारखंच! आणि जीभ ड, ग ला तयार नाही. त्यामुळे डेंजरसचं झालं 'तांकेरोस'! आणि पुढारी म्हणे बाकीच्यांना म्हणाला, "हे बघा, हे प्राणी तांकेरो आहेत." म्हणजे त्याला वाटलं, हे प्राण्यांचंच नाव, जातच त्यांची तांकेरो! तेव्हापासून असल्या इंग्रजीला नाव पडलं.

मुरलीधर टेस्टर ना! लगेच म्हणाला, "पण खरंच म्हणाला का तो?"

"तेच तर," हायकी म्हणाला. "काही म्हणतात, म्हणाला. काही म्हणतात, कुणीतरी रचून त्याच्या नावावर खपवलं. पाटी कुणी पाहिलेली नाही. पण आता विचारतो कोण? शब्द चांगला होता, चिकटला."

थोडं पुढे गेल्यावर हायकी हळूच म्हणाला, "माझी आई गेली गेल्या वर्षी. विमानं बंद. लॅपटॉपवर बघितले अंत्यसंस्कार. दोन शब्द बोललो मी, फिनिशमध्ये. तर माझे भाचे हसले. म्हणाले, मामाचं फिनिश आता ऑस्ट्रेलियन वाटतं. म्हणजे बघ, मी इकडेही तांकेरो आणि तिकडेही तांकेरो. मी काय करू, बोलूच नको?"

आणि सोमवारच्या मीटिंगमध्ये, तुम्हाला सांगतो, शॅरन, म्हणजे त्यांची बॉस, "ऑल गुड? जाऊ द्यायचं?" म्हणाली आणि याने बटण दाबून माइक उघडला. "नो! स्टॉप! अ‍ॅड्रेस इज बिकमिंग डेट!"

शॅरनला ऐकू आलं कर्ज. ते पण डेटच ना! "कर्ज? कुणाचं कर्ज, मुरली?"

"नॉट डेट! डेट! डेऽऽट!"

हायकी मदतीला धावला, "ही मीन्स टेट! टेट!"

"टेट? टेट कोण? आपल्याकडे कुणी टेट आहे का?"

शेवटी मुरलीधरने भिंतीवरचं कॅलेंडर उपटलं आणि कॅमेऱ्यापुढे नाचवलं. तशी शॅरन म्हणाली, "ओऽऽह! डाइट!" म्हणजे बघा, याची डेट, त्याची टेट आणि जिची मातृभाषा तिची डाइट! आणि तांकेरो आम्ही! पण काम थांबलं. घोळ दुरुस्त झाला. शॅरन सगळ्यांदेखत म्हणाली, "मुरली, यू लेजंड. पुढच्या वेळी आधी ओरड."

आता शहाणा माणूस इथे थांबला असता की नाही? पण मुरलीधर! त्याच्या डोक्यात हायकीचं एकच वाक्य घुसलेलं. 'कुणीतरी रचून त्याच्या नावावर खपवलं.' फिनलंडवाल्यांना नाही सापडलं, मला सापडेल! ते सरकारी लोक नाही का, कोविड तुला कुणाकडून आला, त्याला कुणाकडून आला विचारत फोन करायचे, तसा हा लागला मागे. सारंग, तुला कुणी सांगितलं? "प्रतापने." प्रताप, तुला कुणी सांगितलं? "अरे मेट, इतक्या लोकांकडून ऐकलं… आता मीटिंग आहे, या आर्व्होला करतो फोन." आर्व्हो म्हणजे दुपार हो! केला का? नाही केला. कुठंतरी पाणी मुरतंय! मग याने थेट यामिनीला लावला फोन. यामिनी, प्रतापची बायको. बाई सरळ! विचारल्याबरोबर म्हणाली, "टेस्ट गॉन? अरे मुरली, ते आमच्याकडचंच! प्रतापच म्हणाला होता. मी शेजारीच बसले होते गाडीत. इतकी हसले ना मी…" आणि मग आवाज बदलला तिचा. "आणि घरी येऊन इतकी रडले."

कारण प्रतापला खरंच कोविड झाला होता. कुणाला सांगितलं नव्हतं त्यांनी. लोक काय म्हणतील! बारा-तेरा दिवस माणूस गॅरेजमध्ये, ताट दाराबाहेर, श्वास लागायचा आणि यामिनी काचेतून छाती वर-खाली होतेय का बघायची.

मुरलीधरने प्रतापला व्हिडिओवर गाठलं. यावेळी नेटवर्क गेलं नाही. बारीक झाला होता प्रताप. 'मेट'-बिट काही नाही, सरळ मराठीत म्हणाला, "हो. मीच. चौदा वर्षं कमावलेलं इंग्रजी, ताप चढला आणि एका मिनिटात गळून पडलं रे. ती नर्स हसली आणि मला वाटलं, आता मरतोय तर हसं होऊन मरतोय. बरा झाल्यावर लोकांना हसवावंसं वाटलं. पण माझं म्हणून कसं सांगू? मग कोविड पण सांगावा लागला असता. तुझं नाव आलं तोंडात."

"माझंच का?"

"तू जवळचा ना," प्रताप म्हणाला. "लांबच्याचं नाव कसं घेणार?"

आता सांगा, अशा माणसाला शिव्या तरी कशा द्यायच्या? मुरलीधर म्हणाला, "जेवण जातं का आता?" प्रताप म्हणाला, "जातं. चव अजून पूर्ण नाही आली." आणि स्वतःच म्हणाला, "मी सांगतो सगळ्यांना. गणपतीत."

त्या वर्षी गणपती ऑनलाइन. पन्नास-साठ घरं छोट्या छोट्या चौकोनांत, प्रत्येकाची आरती एक ओळ मागे-पुढे, देवालासुद्धा कळेना कुणाकडे बघू! आरती झाली आणि प्रतापने खरंच माइक घेतला. मुरलीधर झब्बा घालून ताठ बसला. मयूराने त्याचा हात धरला. प्रताप म्हणाला, "मंडळी, तो टेस्टचा किस्सा मुरलीचा नाही. मुरली कधी गेलाच नव्हता. मला कोविड झाला होता, ते मी म्हणालो होतो. मी त्याची माफी मागतो."

आणि मग एका काकांनी टाळी वाजवली. "वा, प्रताप, वा! मित्र असावा तर असा! मुरलीची अब्रू झाकायला स्वतःवर घेतलंस! अरे, कोविडसुद्धा स्वतःला लावून घेतलास!" आणि सगळ्या चौकोनांतून टाळ्या! प्रताप ओरडतोय, "अहो, खरंच मी!" तसतशा टाळ्या वाढताहेत! यामिनी म्हणतेय, "मी होते गाडीत!" तर बायका म्हणतात, "बघा, बायकोसुद्धा साथ देतेय!" मुरलीधरने माइक उघडला, "अहो, माझ्याकडे गाडीच नाही!" तर तेच काका कसे मायेने म्हणाले, "असू दे रे, मुरली. होतं असं एखाद्याचं."

लॅपटॉप बंद केला त्याने. मयूराने न मागता मोदकाची वाटी पुढे ठेवली, तूप घालून. याने संशयसुद्धा घेतला नाही, मुकाट्याने खाल्ला.

शिवांगी येऊन शेजारी बसली. तिने शाळेतल्या मैत्रिणीलासुद्धा तो 'मुरली'चा शब्द शिकवला होता म्हणे, आणि ती गोरी पोरगी फ्रेंचच्या तासाला म्हणाली होती, 'आय टोटली मुरलीड इट.' बाबाचा चेहरा बघून शिवांगी म्हणाली, "बाबा, डोन्ट बी सॅड. यू आर अ व्हर्ब नाऊ. कुणाचे बाबा व्हर्ब असतात?"

मुरलीधरने बोटावरचं तूप चाटलं, थोडा विचार केला, आणि आपल्या त्याच इंग्रजीत, प्रत्येक अक्षर चावून, लेकीला विचारलं, "रेग्युलर ऑर इर्रेग्युलर?"

"इर्रेग्युलर, बाबा. डेफिनेटली इर्रेग्युलर."

"ठीक आहे," मुरलीधर म्हणाला. "मग निदान पाठ तरी करावा लागेल लोकांना!"